तिसरीत दुसऱ्यांदा

रात्री नऊ-साडेनऊला, शटर अर्धे खाली आलेले असताना, स्टेशनरीच्या दुकानात जी गर्दी असते तिचे वय चाळिशीच्या आसपास असते. ऑफिसातून परस्पर आलेली ही मंडळी एका हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून, वर्गाच्या ग्रुपवर आलेला मेसेज दुकानदाराला वाचून दाखवत असतात: एक आकाशी कार्डशीट, आइस्क्रीमच्या काड्यांचे पाकीट आणि ‘आपले मदतनीस’चा तक्ता. दुकानदार सांगतो, मदतनीस संपले, ‘वाहतुकीची साधने’ देऊ का? मग विनवण्या होतात, मागच्या खोक्यातून एक चुरगळलेला तक्ता निघतो आणि तीन माणसे एकदम त्याच्यावर झेपावतात. त्या तक्त्यावर पोस्टमन, शिंपी, सुतार, डॉक्टर, भाजीवाली असे सगळे मदतनीस छापलेले असतात. रात्री अकरा वाजता ती चित्रे कापून वहीत चिकटवणारी बाई तेवढी नसते. ज्यांचा हा गृहपाठ ते चिरंजीव यावेळी घरी गाढ झोपलेले असतात. त्यांची झोप मोडायला नको म्हणून कुणी उठवत नाही, आणि खरे सांगायचे तर ते उठले असते तर चिकटवण्याच्या कामात अडथळाच झाला असता.

पालकांनी मुलांच्या अभ्यासात लक्ष घालावे, असे सगळेच सांगतात. लक्ष किती घालावे आणि हात किती घालावा, हे मात्र कुणी सांगत नाही. त्यामुळे आपण लक्ष घालता घालता कोपरापर्यंत हात घालून बसलो आहोत. माझे म्हणणे अगदी साधे आहे. मुलाच्या गृहपाठात पालकांना पुष्कळ काम आहे, पण ते सगळे वहीच्या बाहेर आहे. बसायला जागा द्यावी, वेळ ठरवून द्यावी, टीव्ही बंद करावा आणि शेवटी ‘काय केलंस, सांग बघू’ एवढे विचारावे. वहीच्या आत जे काही होते, चुकांसकट, ते मुलाच्या मालकीचे आहे. किंबहुना चुका ही त्यातली सर्वांत मोलाची मालमत्ता आहे आणि नेमकी तीच आपण रोज रात्री खोडरबरने पुसून टाकतो.

हात किती आत गेला आहे, याचा एक आकडा उपलब्ध आहे. वार्की फाउंडेशनने २०१८ साली २९ देशांतल्या सत्तावीस हजारांवर पालकांची पाहणी केली. मुलांना घरी अभ्यासात मदत करण्यासाठी आठवड्याला किती तास देता, असे तिच्यात विचारले होते. भारत पहिला आला. आपले पालक सरासरी १२ तास देतात. फिनलंडचे ३.१ आणि जपानचे अवघे २.६. ज्या दोन देशांच्या शाळांचे गोडवे आपल्याकडच्या प्रत्येक शिक्षण परिषदेत गायले जातात, त्या देशांतले आईबाप संध्याकाळी बहुधा नुसते जेवतात. आता १२ तासांना वर्षाच्या ५२ आठवड्यांनी गुणावे, कारण सुट्टीतही दिवाळीचा अभ्यास असतोच. उत्तर येते ६२४ तास. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी शाळेने वर्षाला किमान ८०० तास शिकवावे, असे ठरवून दिले आहे. म्हणजे शाळेच्या पाऊणपटीहून जास्त शिकवण्याचे काम आपण जेवणाच्या टेबलावर उरकतो, तेही डी.एड., बी.एड. न करता, वेतन आयोग न मागता आणि उन्हाळ्याची सुट्टी न घेता. दहावीपर्यंत हेच चालले तर सहा हजारांवर तास होतात. एवढ्या तासांत माणूस बाहेरून दहावी, बारावी आणि एखादी पदवी सहज पदरात पाडून घेईल. आपण मात्र तिसरीतच दुसऱ्यांदा बसतो.

हा आकडा पालकांनी स्वतःच सांगितलेला आहे, तेव्हा तो थोडा फुगलेला असणार, अशी शंका कुणी काढेल. ती रास्त आहे. या १२ तासांत प्रत्यक्ष शिकवण्याचे किती, ‘लक्ष कुठंय तुझं’ म्हणण्याचे किती आणि हरवलेली पेन्सिल शोधण्याचे किती, याची विभागणी पाहणीत केलेली नाही. शिवाय ‘पालक’ म्हणून जे उत्तर देतात ते आणि जे वहीपाशी बसतात ते, एकच असतात असेही नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरच्या माणसांची देखभाल करणाऱ्या बायका त्या कामावर दिवसाला सरासरी १३४ मिनिटे आणि पुरुष ७६ मिनिटे घालवतात, असे आढळले होते. गृहपाठाच्या बाबतीत ही वाटणी प्रत्येक घरात डोळ्यांना दिसते. शुद्धलेखन, पाढे, कविता पाठ करून घेणे, डायरी पाहणे, आजारी मुलाचा बुडालेला अभ्यास इतर आयांकडून मागवून उतरवणे हे आईचे. बाबांच्या वाट्याला तीन कामे येतात: ज्वालामुखी बांधणे, प्रगतिपुस्तकावर सही करणे, आणि ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ असे सोफ्यावरून सांगणे. या वाक्यात तथ्य आहे. त्यांच्या वेळी त्यांच्या वडिलांना मुलगा कितवीत आहे हेच पाहुण्यांसमोर त्याला विचारून घ्यावे लागे. पण त्या काळाचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही, कारण ज्यांना जमले नाही ती मुले शाळेतून कधी गळली, याचाही त्या वडिलांना बऱ्याचदा पत्ता नसे.

या तासांत नेमके काय घडते ते पाहायचे असेल तर दुसरी-तिसरीतल्या कुठल्याही मुलाची वही उजेडात धरावी. पानाच्या वरच्या भागात ओळी जरा तिरक्या असतात, ‘क’ची शेंडी रेघ सोडून वर गेलेली असते, दोन शब्द एकमेकांना चिकटलेले असतात. हा मजकूर चिरंजीवांचा. मधोमध कागद पातळ होऊन त्याला भोक पडलेले असते, कारण तिथे ‘नीट काढ’ असे म्हणत आईने तीनदा खोडून घेतलेले असते. भोकाच्या खाली अक्षर अचानक सरळ, गोलाकार आणि एका उंचीचे होते. तिथे साडेदहा वाजले होते हे जाणकार ओळखतो. अनुभवी आया यापुढे गेलेल्या आहेत. त्या डाव्या हाताने लिहितात. मुलाच्या अक्षराशी जुळावे म्हणून ‘ह’ मुद्दाम लंगडा काढतात, सूर्याला किरणे कमी-जास्त काढतात, झाडाचा हिरवा रंग जाणूनबुजून रेघेबाहेर नेतात. एकेकाळी चित्रकलेत पारितोषिके मिळवलेली बाई रात्री जागून वाईट चित्र काढण्याचा सराव करते, एवढे मोठे कलेचे बलिदान दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात होत असेल असे वाटत नाही. सकाळी त्या पानावर बाईंची लाल शाईतली बरोबरची खूण आणि ‘छान!’ असा शेरा येतो. चिरंजीव तो शेरा संध्याकाळी आईला दाखवतात, आणि आई खरोखर खूश होते.

इथे गाडी रुळावरून घसरते. गृहपाठ शाळेने द्यायचा कशाला? वर्गात शिकवलेले मुलाला एकट्याने जमते का, हे बाईंना कळावे म्हणून. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाशेजारी बसून पाहता येत नाही, म्हणून वही घरी पाठवायची आणि दुसऱ्या दिवशी पाहायची. घरी आपण ती वही निर्दोष करून परत पाठवतो. तापलेल्या मुलाला गोळी देऊन ताप उतरवायचा, मग दवाखान्यात न्यायचे आणि डॉक्टरांनी ‘ताप कुठंय?’ म्हटले की आपली पाठ थोपटून घ्यायची, त्यातला हा प्रकार. चाळीसपैकी पस्तीस वह्यांत हातच्याची वजाबाकी बरोबर आलेली दिसली की बाई म्हणतात, झाले, मुलांना आले, उद्या गुणाकार. मुलांना काहीच आलेले नसते. पस्तीस पालकांना ते आधीपासून येत होते. मग सहामाहीच्या पेपरात, जिथे आईला शेजारी बसू देत नाहीत, तिथे वजाबाकीचा निकाल लागतो आणि आपण म्हणतो, ‘‘घरी तर सगळं येत होतं याला!’’ घरी सगळे येत होते हे शंभर टक्के खरे असते, कुणाला येत होते एवढाच काय तो प्रश्न.

संशोधकांनी या विषयात बरीच वर्षे घालवली आहेत आणि त्यांचे निष्कर्ष पालकांच्या श्रमांना फारसे अनुकूल नाहीत. पटॉल, कूपर आणि रॉबिन्सन या तिघांनी २००८ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. घरात अभ्यासाचे नियम ठरवून देणे, म्हणजे कुठे बसायचे, कधी बसायचे, कशानंतर खेळायला जायचे, याचा मुलांच्या यशाशी चांगला संबंध दिसला. डोक्यावर बसून देखरेख करण्याचा संबंध उलटा दिसला. भाषेत पालकांच्या सहभागाचा फायदा आढळला, गणितात मात्र नाही. यावर हुशार वाचक लगेच म्हणेल की यात कार्यकारणाची गल्लत आहे. ज्या मुलाला जमत नाही त्याच्याच शेजारी आईबाप बसतात, म्हणून मदत आणि कमी गुण एकत्र दिसतात. आक्षेप बिनतोड आहे, आणि म्हणूनच २०१५ साली शिकागोच्या मानसशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास पाहण्यासारखा आहे. त्यांनी पहिली-दुसरीतल्या मुलांची वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा चाचणी घेतली. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती, त्यांच्यापैकी जे वारंवार गृहपाठात मदत करत होते त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांच्यातही ती धास्ती जास्त उतरली. तितकेच घाबरट पण वहीपासून लांब राहणारे जे पालक होते, त्यांच्या मुलांवर हा परिणाम दिसला नाही. म्हणजे गणिताला घाबरण्यात काही धोका नाही. घाबरत घाबरत शिकवायला बसण्यात आहे.

आपल्याकडे यात आणखी एक फोडणी पडते. शाळेत बाईंनी दशक सुटा करून वजाबाकी शिकवलेली असते. घरी बाबा म्हणतात, ‘‘एवढं कशाला? वरच्याला दहा दे, खालच्याला एक दे, झालं!’’ का द्यायचे, हे बाबांना त्यांच्या गुरुजींनी सांगितले नव्हते आणि विचारण्याची सोयही नव्हती. मुलाच्या डोक्यात दोन पद्धती एकमेकींच्या उरावर बसतात, तो बाईंची पद्धत बाबांना आणि बाबांची पद्धत बाईंना सांगतो आणि दोन्हीकडे ओरडा खातो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जोडअंकांच्या रूढ नावांच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ अशा सोप्या वाचनाची पद्धत आली, तेव्हा त्यावरून विधिमंडळापर्यंत वाद पेटला. मुलांना त्याचे फारसे काही वाटल्याचे दिसले नाही. आपल्या लहानपणीचे पाठांतर वाया गेले या कल्पनेने मोठी माणसेच हवालदिल झाली होती. गृहपाठावर बसणाऱ्या पालकाची मूळ अडचण हीच आहे. तो मुलाला शिकवत नसतो, पस्तीस वर्षांपूर्वीच्या स्वतःला शिकवत असतो, आणि त्या विद्यार्थ्याचा पट शाळेने केव्हाच बंद केलेला असतो.

वहीपेक्षा गंभीर प्रकरण म्हणजे प्रकल्प. महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले, त्यामागचा हेतू उत्तम होता. फक्त पेपरावर मूल जोखू नये, वर्षभर ते काय करते तेही पाहावे, म्हणून आकारिक मूल्यमापन आले. त्याच्या साधनांत निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय वगैरे बसवले गेले. पहिली-दुसरीला ७० टक्के भार आकारिक आणि ३० टक्के संकलित, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, असा हिशेब ठरला. आकारिकचे काम शिक्षकाच्या नजरेसमोर व्हावे अशी कल्पना होती. प्रकल्प तेवढा हळूच घरी गेला आणि जाताना गुणही बरोबर घेऊन गेला. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या पालकांचे सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापन चालू आहे. पहिलीतल्या मुलीकडून ‘पर्जन्यजल संधारणाची चालती प्रतिकृती’ मागवली जाते, तेव्हा शाळेला त्या मुलीकडून खरोखर नळजोडणीची अपेक्षा असते काय? २०१८ साली राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली, तेव्हा एक पिढी सुटली असे वाटले होते. पण सनबोर्ड आणि फोमशीट यांनी ती जागा आठवड्याभरात भरून काढली. आता दुकानात तयार हडप्पा, तयार सूर्यमाला आणि सोडा-व्हिनेगरसकट तयार ज्वालामुखी मिळतो. प्रदर्शनाच्या दिवशी मुले आपापल्या प्रतिकृतीशेजारी रखवालदारासारखी उभी असतात आणि हात लावू नका म्हणतात, कारण त्यांनाही हात लावू दिलेला नसतो. हे सगळे कुणी केले, हे बाईंना पक्के ठाऊक असते. बाईंना ठाऊक आहे, हे आईला ठाऊक असते. तरी ‘अ’ श्रेणी दिली जाते आणि घेतली जाते, कारण बाईही घरी जाऊन आपल्या मुलाचा इग्लू बांधणार असतात.

यावर पालकांचा पहिला आक्षेप येतो, आणि तो मला मान्य आहे: आम्ही हौसेने बसत नाही हो, शाळाच असले काम देते जे मुलाला एकट्याने करता येणे शक्य नाही. अगदी बरोबर. कागदोपत्री मात्र आपले सरकार या बाबतीत फार मवाळ आहे. दप्तराच्या ओझ्याबद्दल आर. के. नारायण राज्यसभेत १९८९ साली कळवळून बोलले. यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात प्राथमिक वर्गांना गृहपाठच नको, फार तर घरपरिसरातले शोधकाम द्यावे, असे सुचवले. शोधकामाच्या त्या फटीतूनच पुढे कार्डशीट आत शिरले असावे. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला दिवसाला एक तास आणि नववीपासून दोन तास, अशी मर्यादा आहे. म्हणजे चौथीतल्या मुलाने आठवड्याला दोन तास करायचा गृहपाठ करून घ्यायला आपण आठवड्याला बारा तास बसतो. आपल्या राज्याने २०२३-२४ मध्ये दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत कोरी पाने घालून पाहिली, म्हणजे वेगळी वही नको आणि ओझेही कमी; मुले पुस्तकात वही असूनही वेगळ्या वह्या नेत राहिली आणि २०२५ च्या जानेवारीत ती पाने परत गेली. चीनने तर २०२१ मध्ये शिक्षकांना बजावले की पालकांना गृहपाठ देऊ नका आणि तो तपासायलाही लावू नका. तिथल्या आईबापांची अवस्था आपल्यासारखीच झाली होती, असे समजायला हरकत नाही. पण मुद्दा असा की शाळा अतिरेक करते, हे वही आपण पूर्ण करण्याचे कारण होऊ शकत नाही. आपण ती पूर्ण करतो म्हणूनच शाळेला तो अतिरेक वाटत नाही. साडेसात वर्षांच्या मुलाचा साडेसात वर्षांच्या हातांनी केलेला वाकडा, गळका, एका बाजूला पडलेला इग्लू चाळीस घरांतून एकाच सकाळी शाळेत पोचला, तर पुढच्या वर्षी इग्लू मागवला जाणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा असतो. तत्त्व ठीक आहे, पण बाकीच्या एकोणचाळीस मुलांचे प्रकल्प त्यांचे आईबाप करणार, आणि आमचाच तेवढा सत्यवान निघून ‘क’ श्रेणी घेऊन येणार. त्याच्या मनावर काय परिणाम होईल? परिणाम होईल, एक-दोन दिवस तो हिरमुसेलही. पण तिसरीच्या ‘क’ श्रेणीने आजवर कुणाची नोकरी अडवल्याचे ऐकिवात नाही. तिसरीचे प्रगतिपुस्तक पुढे कुणी मागत नाही. उलट आईने मिळवून दिलेल्या ‘अ’ श्रेणीचा मनावर होणारा परिणाम मुक्कामाला येतो. मुलाला त्यातून नेमके एक कळते, की त्याने केलेले काम दाखवण्याजोगे नसते. मोठ्यांनी त्याच्या देखत ते बाजूला सारून दुसरे केलेले त्याने पाहिलेले असते. याच मुलाने नववीत मोबाइलमधल्या यंत्राकडून निबंध लिहून घेतला की घरात हलकल्लोळ होतो. त्याला बिचाऱ्याला कळत नाही की यात नवीन काय घडले. गृहपाठ दुसऱ्याने करायचा असतो आणि आपण तो दप्तरात भरून न्यायचा असतो, हीच रीत त्याने बालवाडीपासून पाहिलेली असते. पूर्वी आई लिहीत असे, आता यंत्र लिहिते. यंत्र ‘लक्ष कुठंय तुझं’ म्हणत नाही, एवढीच सुधारणा झाली.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पालकांनी हात काढून घेतला तर शाळेत शिकवले जात नाही ते मुले शिकणार कुठे? ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात पहिली ते आठवीतल्या शिकवणीला जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २६.४ टक्के होते, ते २०२२ मध्ये ३०.५ टक्के झाले. ज्यांना जमते ते घरी शिकवतात, ज्यांना जमत नाही ते पैसे मोजतात, आणि दोन्ही न जमणाऱ्यांचे काय, हा प्रश्न उरतो. हाच आक्षेप माझ्या बाजूने साक्ष देतो असे मला वाटते. आईबापांवाचून पुरा होऊच शकत नाही असा गृहपाठ म्हणजे मुलाची परीक्षा नसून त्याने कुठल्या घरात जन्म घेतला याची परीक्षा आहे. मराठवाड्यातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याच्या मुलाला रंगीत प्रिंट कोण काढून देणार? घरातली पहिलीच शाळेत जाणारी मुलगी ‘आईला विचारून लिहा’ या प्रश्नाचे उत्तर कुणाला विचारून लिहिणार? इंग्रजी माध्यमातल्या मुलाशेजारी बसलेली मराठी माध्यमातली आईदेखील थोड्या फार फरकाने याच रांगेत उभी असते. तिला उत्तर येत असते, पण प्रश्न कळत नसतो. आपण सुशिक्षितांनी वहीत हात घातला की शाळेची अपेक्षा आपल्या उंचीची होते, आणि ती या मुलांच्या डोक्यावरून जाते. मात्र संशोधनात जी मदत उपयोगी ठरली ती पाहा: ठरलेली वेळ, ठरलेली जागा, थोडी शांतता आणि ‘आज काय केलंस?’ हा प्रश्न. यातल्या कशालाही अक्षरओळख लागत नाही. न शिकलेल्या आईला हे जमते. शिकलेल्या आईबापांना हातातले पेन खाली ठेववत नाही, म्हणून त्यांना ते जड जाते.

मराठीतल्या सर्वांत प्रसिद्ध आईचेच पाहा. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून प्रत्येक पिढीच्या आयांना तिच्याशी तुलना सोसावी लागत आहे. त्या माउलीने श्यामला पुष्कळ शिकवले. पोहायला जायला तो घाबरला तेव्हा तिने त्याला चांगले बदडून विहिरीवर धाडले. आजच्या काळात बदडण्याचा भाग गाळावा, तो गाळण्यासारखाच आहे. पण विहिरीत उतरला श्याम, आई उतरली नाही. आजची आई त्या जागी असती तर पदर खोचून स्वतः चार हात मारून आली असती, श्यामचे केस तेवढे ओले केले असते आणि गावात सांगितले असते की याला पोहता येते.

तेव्हा उद्यापासून, निदान येत्या सोमवारपासून, एक प्रयोग करून पाहावा. मुलाला ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी बसवावे, आपण समोर आपले काही काम घेऊन बसावे, आणि पेन्सिल त्याच्याच हातात राहू द्यावी. अडले तर प्रश्न पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला सांगावा. निम्म्या अडचणी तिथेच सुटतात. उरलेल्या सुटल्या नाहीत तर तशाच राहू द्याव्यात आणि डायरीत खाली आपल्या अक्षरात, उजव्या हाताने, लिहावे: ‘तिसरे आणि पाचवे गणित जमले नाही. आम्ही सांगितलेले नाही. कृपया वर्गात घ्यावे.’ पहिल्या आठवड्यात ग्रुपवर थोडी कुजबुज होईल, बाईंनाही चुकल्यासारखे वाटेल, आणि रात्री दहानंतर करायचे काय हा प्रश्न आपल्यालाही पडेल. पण वहीत दोन-चार चुका दिसू द्या. त्या शोधून दुरुस्त करण्याचा पगार कुणाला तरी मिळतो, आणि तो आपल्याला मिळत नाही.